शेवटचा डोस कोणी दिला? – नर्स, सीएचओ आणि आशांच्या पॅलिएटिव्ह प्रशिक्षणाबद्दल

घाटमाथा (धागाकर्ता)

मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. पॅलिएटिव्ह केअरचा (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी, घरच्यांनाही आधार देणारी सेवा) सर्टिफिकेट कोर्स केलेला असल्यामुळे तालुक्यातल्या नर्सेस, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशाताईंसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हाताशी आलेलं नमुना वेळापत्रक असं: पहिला दिवस प्रस्तावना आणि वेदना. दुसरा दिवस धाप, उलट्या, बद्धकोष्ठता, जखमा. तिसऱ्या दिवशी संवाद, कायदा, नोंदवह्या, आणि चार ते पाच 'शोकाकुल कुटुंबाचे समुपदेशन'. पाचला प्रमाणपत्रं.

चार वाजता लोक एसटीच्या वेळा बघत असतात हे ज्यांनी कुठलंही सरकारी प्रशिक्षण केलंय त्यांना सांगायला नको.

पण माझा आक्षेप वेळेचा नाही. शोक हा वेगळा विषय म्हणून शिकवणंच मला चुकीचं वाटतं. एक उदाहरण देतो, तपशील बदलून. तोंडाचा कॅन्सर, पेशंट घरी, मॉर्फीनच्या (तीव्र वेदनेवरचं अफूपासूनचं औषध) गोळ्या चालू. साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. दहाचा डोस दुप्पट देतात, म्हणजे मध्यरात्री दोनला कोणाला उठावं लागत नाही. गोळ्यांचं सगळं सून बघते. एका रात्री दहाला ती नेहमीप्रमाणे दुप्पट डोस देते आणि पहाटे सासरे जातात.

वैद्यकीयदृष्ट्या यात काहीच घडलेलं नाही. माणूस त्याच्या आजाराने गेला. पण सुनेच्या डोक्यात 'दुप्पट' हा शब्द बसतो, आणि पुढे कितीही जणांनी समजावलं तरी निघत नाही. दर चार तासांनी औषध असेल तर मृत्यूच्या आधीचा एक डोस कोणीतरी दिलेला असणारच. ही गोष्ट सुनेला गोळ्या हातात देतानाच सांगायची असते, आणि ती सांगण्याचं काम डोस शिकवणाऱ्या नर्सचं आहे. तिसऱ्या दिवशीच्या चार वाजताच्या समुपदेशकाला ते जमणार नाही. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून माझा विचार असा की प्रत्येक लक्षणाच्या सत्राला शेवटचा अर्धा तास जोडायचा: हे औषध, हा उपाय घरच्यांना कसा सांगायचा, आणि पेशंट गेल्यावर यातलं काय त्यांच्या मनात राहील. इथे नर्सेस आहेत, डॉक्टर आहेत, घरी कोणाचं तरी शेवटपर्यंत केलेले लोक आहेत. तुमच्या अनुभवात मनात काय राहिलं, ते लिहा. त्यावरच सत्रं बेतायची आहेत.

तिरकस

तीन दिवसांत नर्सना मॉर्फीन शिकवणार? डॉक्टरांना साडेपाच वर्षांत धड शिकवलं जात नाही. आणि शोकाचं म्हणाल तर आपल्याकडे तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. लोक येतात, रडतात, जेवतात, जातात. त्याला ट्रेनिंग कशाला? हे परदेशी खूळ आहे. केरळमध्ये घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर चालतं म्हणून इथे चालेल असंही नाही.

घाटमाथा

तिरकस, पहिल्या मुद्द्याला उत्तर: डोस ठरवणं डॉक्टरचंच काम, ते नर्सवर ढकलत नाहीये. पण घरी जाऊन बघणार नर्स. मॉर्फीनबरोबर रेचक चालू आहे का, पहिल्या काही दिवसांची मळमळ थांबली का, मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस घरच्यांना कळलाय का (दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग), किडनी बिघडलेल्या पेशंटला झटके येतायत किंवा तो भ्रमिष्टासारखा वागतोय का, हे सगळं तिलाच दिसणार. रेचक न लिहिता मॉर्फीन लिहिणारे डॉक्टर मी पाहिलेत. असा पेशंट आठवड्याने दुखण्यासाठी येत नाही, पोट फुगलं म्हणून येतो, आणि मग घरचे गोळीच बंद करतात.

केरळचं म्हणाल तर १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालं तेव्हा तिथेही काहीच नव्हतं. तिथल्या संस्थेत आजही सहा आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण असतं, वॉर्डात आणि घरोघरी फिरून. तीन दिवसांत तेवढं होणार नाही, मान्य. महाराष्ट्राचंही पॅलिएटिव्ह धोरण २०१२ पासून आहे, कागद आपल्याकडे कमी नाहीत.

गृहभेटवाली

डॉक्टर, मी होमकेअर टीममध्ये नर्स आहे. तुमच्या अर्ध्या तासाला माझं अनुमोदन, पण अर्धा तास पुरणार नाही. मुद्दे लिहिते.

तेराव्याबद्दल आधी. तिरकसदादा, तेरा दिवस माणसं असतात हे खरंय. मी त्यानंतर जाते. उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या परत घ्यायच्या असतात, त्यामुळे मला जायला कारण असतं आणि घरच्यांना मला बोलवायलाही. 'गोळ्या न्यायला आले' म्हटलं की कोणी अवघडत नाही. चहा होतो, पाकीट पुढे येतं, मी गोळ्या मोजते, आणि मोजता मोजता बाई बोलायला लागते. 'सिस्टर, त्या दिवशी...' असं सुरू झालं की मी मोजणं थांबवते. हे कुठल्याही वेळापत्रकात नसतं, पण शिकवण्यासारखं आहे. गोळ्या परत घेण्याच्या भेटीलाच शोकाची पहिली भेट धरा. वेगळी गाडी, वेगळं नाव, वेगळा फॉर्म लागत नाही.

दुसरं, जखमा. आपल्या भागात तंबाखू, मिश्री, गुटख्यामुळे तोंडा-गालाचे कॅन्सर पुष्कळ. जखम फुटून बाहेर आली की वास येतो, आणि वासाने घर तुटतं. मी एका घरी गेले तर आजोबांची खाट गोठ्यात टाकलेली. घरच्यांची माया नव्हती असं नाही, नातवंडं आत जेवू शकत नव्हती. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर टाकायची आणि ड्रेसिंग नियमित बदलायचं, बस. काही दिवसांत वास आटोक्यात येतो. अळ्या असतील तर टर्पेंटाइनचा बोळा जखमेजवळ धरायचा, त्या बाहेर येतात, मग चिमट्याने काढायच्या. बघायला भयंकर वाटतं म्हणून प्रशिक्षणात हे फोटोवर उरकतात. प्रत्यक्ष करून घ्या. खाट गोठ्यातून ओसरीवर आली. ती तिथेच राहिली असती तर 'बापाला शेवटी गुरांत ठेवलं' हे त्या मुलाने आयुष्यभर ऐकलं असतं, गावाकडून आणि स्वतःकडूनही.

जखमेतून रक्त जाण्याची शक्यता असेल तर गडद रंगाचा जुना टॉवेल उशाशी ठेवायला सांगा. पांढऱ्या चादरीवरचं लाल रक्त पाहिलेली माणसं ते विसरत नाहीत.

तिसरं, घरघर. घशात स्राव साठून आवाज येतो, नातेवाईकांना वाटतं माणूस गुदमरतोय. मग 'सक्शन करा (नळीने स्राव ओढून काढा), दवाखान्यात न्या' सुरू होतं आणि माणूस रस्त्यात जातो. त्या अवस्थेत पेशंटला बहुधा त्याची जाणीव नसते. कुशीवर वळवा, डॉक्टरांना विचारून स्राव कमी करणारं बस्कोपॅन किंवा ग्लायकोपायरोलेटचं इंजेक्शन. खोल सक्शनने उलट त्रास होतो. पण हे घरघर लागल्यावर सांगून उपयोग नाही, दोन दिवस आधी सांगा: 'असा आवाज येईल, ऐकवणार नाही, पण तो त्यांचा त्रास नाही.' आणि गंगाजळाचं सांगा. लोक चमच्याने ओततात. नाही म्हणू नका, फक्त कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायला सांगा आणि तुळशीचं पान ओठांवर ठेवू द्या. सगळं होतं, ठसकाही लागत नाही.

वेदना मोजण्याबद्दल एक. 'शून्य ते दहा' म्हाताऱ्या माणसांना कळत नाही. 'रुपयातलं किती आणे दुखतंय' विचारा. 'बारा आणे होतं, आता चार आणे राहिलंय' असं चटकन उत्तर येतं.

मुलगी_धाकटी

मी नातेवाईक म्हणून लिहितेय. आईला एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयातून घरी सोडलं. 'आता करण्यासारखं काही नाही' एवढंच सांगितलं. शेवटच्या आठवड्यात तिने खाणं बंद केलं. भाऊ म्हणाला सलाइन लावा. ओळखीच्या कंपाउंडरने लावलं. हात सुजले, छातीत पाणी भरल्यासारखं झालं, धाप वाढली. मग काढलं. आई जाण्याच्या आदल्या दिवशी आत्या आली, तिने पहिलाच प्रश्न विचारला, 'सलाइन का नाही लावलं?'

आई गेल्यावर घरात दोन वाक्यं फिरत राहिली. भावाचं, 'मी लावायला लावलं म्हणून धाप वाढली.' आणि आत्याचं, 'शेवटी पोटात पाण्याचा थेंब नाही गेला.' दोघांचं एकमेकांशी अजून धड बोलणं नाही.

शरीर बंद होत आलं की भूकतहान कमी होते, त्यामुळे माणूस उपाशी मरत नाही, हे मला नंतर कळलं. तोंड कोरडं पडतं, त्यासाठी तोंडाची निगा पुरेशी असते, हेही नंतर. कोणीतरी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगायला हवं होतं. एकट्या मला सांगून उपयोग नव्हता, मी धाकटी. तुमच्या नर्सना शिकवा की घरातलं निर्णय घेणारं माणूस कोण आहे ते शोधायचं, आणि आत्याला फोनवर का होईना आधीच गाठायचं.

तिरकस

धाकटी, तुझं वाचून गप्प बसलो. पण एक प्रश्न तरीही विचारतो, कारण गावात सगळे हाच विचारतात. मॉर्फीनने माणूस लवकर जातो की नाही? आणि खाणं-सलाइन बंद म्हणजे इच्छामरणच नाही का झालं?

घाटमाथा

नाही. कमी मात्रेपासून सुरू करून दुखण्याप्रमाणे मापून वाढवलं तर मॉर्फीनने आयुष्य कमी होताना दिसत नाही. मात्रा जास्त झाली तर श्वासावर परिणाम होण्याआधी बहुधा गुंगी वाढते, म्हणून नर्सला गुंगी ओळखायला शिकवायचं. धाप लागलेल्या पेशंटला तर छोट्या मात्रेत मॉर्फीन, चेहऱ्यावर पंख्याचा वारा आणि उशा लावून बसतं करणं, यानेच बरं वाटतं. पॅलिएटिव्ह केअर मृत्यू घाईने आणत नाही आणि लांबवतही नाही. उपचार थांबवण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मध्ये सोपी केलेली प्रक्रिया हा वेगळा विषय आहे, त्याचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे फक्त तेवढंच राहील.

पेठेतला_केमिस्ट

गोळीच नसेल तर काय शिकवणार? हे आधी बोला.

१९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा आला, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, परवाने अनेक, चुकलं तर थेट तुरुंग. दुकानदारांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला वापर कोसळला. अफू नीमच-मंदसौरला पिकते, आणि आपल्या तालुक्यातला कॅन्सरचा पेशंट पॅरासिटामॉलवर. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' गटात आली आणि देशभर एकच नियम झाला. रुग्णालयाने 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडे, अर्ज करायचा. त्यासाठी वेदनाशमन किंवा पॅलिएटिव्हचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. डॉक्टर, तुम्ही आहात. मग अर्ज केलाय का? प्रशिक्षणाच्या आधी करा. नाहीतर शिकलेली नर्स परत जाऊन रिकामं कपाट उघडेल आणि दोन महिन्यांत सगळं विसरेल. साठ्याची नोंदवही, कुलूप, वर्षाच्या मागणीचा अंदाज हे फार्मासिस्टचं काम, त्यालाही प्रशिक्षणाला बोलवा. नेहमी विसरतात.

ऐकणारा_कान

समुपदेशक आहे, म्हणून चार वाजताच्या त्या सत्राची बाजू घ्यायला आलो होतो. वाचून बाजू सोडली. पण काही गोष्टी सांगतो.

शोकाच्या सत्रात हमखास 'पाच टप्पे' शिकवतात: नकार, राग, वगैरे. मनोविकारतज्ज्ञ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या पेशंटांशी बोलून, मागे राहिलेल्यांबद्दल नव्हे. पुढे ते सरसकट सगळ्यांना लावले गेले. त्यामुळे होतं असं की नर्स विधवेला मनातल्या मनात 'हिचा राग अजून आला नाही' असं तपासत बसते. ते गाळा. श्ट्रोब आणि शुट या संशोधकांची १९९९ मधली मांडणी जास्त कामाची आहे: माणूस दुःख आणि रोजचा व्यवहार यांच्यात येरझाऱ्या घालतो. सकाळी रडणारी बाई दुपारी बँकेत केवायसीसाठी रांगेत उभी असते, आणि दोन्ही ठीक आहे.

बहुतेकांना समुपदेशनाची गरज नसते. आपली माणसं आणि वेळ पुरते. नर्सला शिकवायचं ते थोडे वेगळे लोक ओळखायला. सहा महिने होऊन गेले तरी रोजची तळमळ तेवढीच तीव्र आणि जगणं ठप्प, असं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो दीर्घकालीन शोकविकार धरतात. अमेरिकेच्या मानसिक विकारांच्या २०२२ च्या निदान-पुस्तिकेत मोठ्यांसाठी हीच मर्यादा बारा महिने आहे. संस्कृतीच्या रीतीपेक्षा जास्त, हेही दोन्हीकडे बघतात, त्यामुळे वर्षश्राद्धाला रडली म्हणून विकार नाही. मरण्याचं बोलणं, दारू एकदम वाढणं, मूल मुकं होणं हे दिसलं तर थांबायचं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

आणि रोलप्ले करा. तिघांचे गट: एक नर्स, एक नातेवाईक, एक नुसतं बघणारा. पहिलं वाक्य ठरलेलं ठेवा: 'सिस्टर, आईला सांगू नका हं तिला कॅन्सर आहे.' बहुतेक जण लगेच 'सांगायलाच हवं' किंवा 'बरं नाही सांगत' म्हणतात. तिसरं वाक्य सुचायला वेळ लागतो. 'तुम्हाला काय वाटतं, त्यांना किती कळलंय?' हे विचारलं की मुलगा स्वतःच सांगतो की आईला सगळं माहीत आहे. 'देवाची इच्छा', 'सुटल्या बिचाऱ्या' ही वाक्यं शेजाऱ्यांना शोभतात. युनिफॉर्ममधल्या माणसाने नाव घेऊन विचारावं, 'शेवटचे दिवस तुम्हाला कसे गेले?' आणि उत्तराला वेळ द्यावा.

टेम्सकाठची

मी इंग्लंडमध्ये हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था) नर्स. इथे घरी मरण पत्करलेल्या पेशंटकडे आधीच एक औषधांचा डबा ठेवतात: वेदना, अस्वस्थता, मळमळ आणि घशातल्या स्रावासाठी इंजेक्शनं, डॉक्टरने लिहून ठेवलेली. रात्री दोनला डिस्ट्रिक्ट नर्स जाऊन देते.

पण इथलं सगळं आदर्श आहे असं समजू नका. शेवटच्या दिवसांसाठी 'लिव्हरपूल केअर पाथवे' नावाची कागदी पद्धत होती, उत्तम हेतूने केलेली. ती देशभर पसरली, प्रशिक्षण मात्र तितकं पोचलं नाही. काही ठिकाणी घरच्यांशी न बोलताच पेशंट त्या कागदावर चढवले गेले. २०१३ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने ती बंद करायला सांगितली. नातेवाईकांच्या तक्रारी बऱ्याचशा 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही', 'पाणी का दिलं नाही', याच होत्या. धाकटीच्या घरातल्यासारख्याच. तेव्हा डॉक्टर, चेकलिस्ट छापताना जपून.

तीन दिवसांनंतर काय, हेही ठरवा. दर पंधरवड्याला व्हिडिओवर एक तास, एक नर्स एक केस मांडते, बाकीचे बोलतात. न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सीसाठी २००३ मध्ये सुरू झालेली ही एको पद्धत भारतातही पॅलिएटिव्हसाठी वापरतात.

मांडवीकाठ

गोव्याहून. लोटलीला शांती अवेदनाचं हॉस्पिस आहे, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालेल्या भारतातल्या पहिल्या हॉस्पिसची शाखा.

तुमच्या चर्चेत सगळीकडे तेरावाच आहे म्हणून लिहितोय. ख्रिस्ती घरात महिन्याच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) माणसं जमतात, त्यानंतर ओसरतात. मुसलमान घरात चाळिसावा असतो, आणि नवरा गेलेली बाई चार महिने दहा दिवस इद्दतमध्ये (नवऱ्याच्या मृत्यूनंतर पाळायचा काळ) असते. तिथे पुरुष कार्यकर्ता गेला तर दारातून परत येईल. भेटीची तारीख प्रत्येक घराची वेगळी लावा.

आशा_तालुका

मी आशा. प्रशिक्षणं खूप होतात. पुस्तिका मिळते. नंतर अडलं तर विचारायचं कोणाला ते नसतं. एक फोन नंबर द्या, जो उचलला जाईल.

दुसरं, माणूस रात्री घरी गेला की डॉक्टरचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, तो ४अ फॉर्म, मिळत नाही. लोक अंत्यविधी थांबवून फिरतात. पुढे नोंद अडते, बाईची संजय गांधी निराधारची फाइल अडते. दुःखापेक्षा ती फाइल जास्त रडवते. प्रशिक्षणात हे घाला.

तिसरं, आम्ही त्याच गावच्या. गेलेला माणूस कधी आमचा चुलता असतो. आमचं कोण विचारणार?

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. वेळापत्रक बदलून टाकतोय.

पहिल्या दिवशी सकाळी व्याख्यान नाही. सुनेची गोष्ट, मग रोलप्ले, मग मॉर्फीन. फार्मासिस्ट पहिल्या दिवसापासून हजर. दुसरा दिवस गटागटाने गृहभेटी, ड्रेसिंग प्रत्यक्ष. तिसऱ्या दिवशी शेवटचे ४८ तास: घरघर, पाणी, अस्वस्थता, आणि सगळ्या घराला एकत्र बसवून सांगण्याचा सराव. ४अ आणि निराधारचे कागद दुपारच्या जेवणाआधी, म्हणजे कोणी झोपणार नाही. भेटींचं सूत्र ठरलं: पहिली भेट गोळ्या परत घेताना, पुढची घराच्या रीतीप्रमाणे, एक सहा महिने झाल्यावर. पंधरवड्याच्या व्हिडिओ तासात पहिली दहा मिनिटं नर्स-आशांच्या स्वतःच्या मनावर काय आहे त्यासाठी. फोन माझाच देतोय, बायकोची परवानगी घेऊन.

कागदी चेकलिस्ट एकच पान ठेवणार आहे, तीही नर्ससाठी. फाइलला लावायला नाही.

रोलप्लेमधल्या आत्याच्या भूमिकेसाठी माणूस हवाय. तिरकस, तुमचं नाव लिहून ठेवलंय.

तिरकस

येतो. प्रश्न मात्र मी माझेच विचारणार.

पेठेतला_केमिस्ट

डॉक्टर, एफडीएच्या अर्जाचा नमुना व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. तुमच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा, त्यावाचून अर्ज परत येईल.